गवत नाही म्हणतं तेव्हा

आमच्या इमारतीच्या मागे वीस फूट रुंद आणि साठ फूट लांब अशी एक पट्टी आहे. रहिवासी तिला ‘मागची बाजू’ म्हणतात, पण बिल्डरच्या माहितीपत्रकात ती ‘लॉन’ होती. चार वर्षांत तिथे तीनदा हिरवळ घातली. दर वेळी जूनमध्ये हिरवे चौकोनी तुकडे यायचे, पावसात ते एकमेकांत मिसळायचे, गणपतीपर्यंत चालायला मऊ गालिचा तयार व्हायचा. दिवाळीनंतर गवत पिवळं, बारीक आणि लांबट होई. संक्रांतीला जागोजागी टक्कल पडे आणि होळीपर्यंत माती उघडी.

मग आरोप सुरू होत. माती वाईट आहे, पाणी कमी पडलं, मुलं क्रिकेट खेळतात, भटकी कुत्री लोळतात. दुसऱ्या वर्षी कुणीतरी युरिया टाकायला सांगितला, त्याने गवत आठ दिवस गर्द हिरवं दिसलं आणि मग आधीपेक्षा लवकर झोपलं. तिसऱ्या वर्षी आमचे माळीमामा खुरपं टेकवून सहज म्हणाले, “काका, ह्या गवताला दिवाळी मानवत नाही.”

आम्ही हसलो. पण त्या वाक्यात अख्खं निदान होतं.

सावलीचं पंचांग

पुणे साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य वर्षभरात साडेतेवीस अंश उत्तरेपासून साडेतेवीस अंश दक्षिणेपर्यंत सरकतो, म्हणजे तो आपल्या डोक्यावरून दोनदा जातो. साधारण मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या अखेरीस दुसऱ्यांदा. तेच ते शून्य सावलीचे दिवस. या दोन तारखांच्या मधल्या काळात भर दुपारी सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो आणि उरलेलं सगळं वर्ष दक्षिणेला.

आता पार्किंगवर चार मजले, म्हणजे अंदाजे १५ मीटर उंचीची इमारत घ्या. २२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. इमारतीची सावली उत्तरेकडे साडेतेरा मीटर, म्हणजे ४४ फूट पडते. आमची पट्टी वीस फुटांची आहे आणि ती इमारतीच्या उत्तरेला आहे. ती त्या सावलीत दोनदा बुडून वर उरेल एवढी सावली!

गंमत पुढेच आहे. सप्टेंबरच्या तेवीस तारखेच्या आसपास दिवस-रात्र समान होतात. तिथपासून मार्चच्या एकवीस तारखेपर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो. बरोबर उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर हे सहा महिने उन्हाची एक तिरीपही पडत नाही. उलट जूनमध्ये सूर्य बराच ईशान्येकडून उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, त्यामुळे त्याच भिंतीला सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं आणि दुपारीही सावली अंग चोरून बसते.

म्हणजे आम्ही जूनमध्ये जागा पाहत होतो, तेव्हा ती उन्हाची होती. गवताने ऑक्टोबरमध्ये पाहिली, तेव्हा ती सावलीची झाली होती. दिवाळी मानवत नाही ते याचमुळे.

आपल्या डोळ्यांना हा फरक नीट कळत नाही, कारण बाहुल्या मोठ्या करून डोळा सावली भरून काढतो. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं, तर वर आभाळ मोकळं असलेल्या इमारतीच्या सावलीत साधारण दहा ते वीस हजार. आपल्याला ते ‘छान उजेड आहे’ असं वाटतं, पण गवताच्या दृष्टीने तो उपास असतो.

एका गवताची तीन घरं

हा उपास एवढा का बाधतो, ते कळायला गवताची ओळख हवी. आपल्याकडे हिरवळीसाठी लावलं जाणारं नेहमीचं गवत म्हणजे हरळीच्या निवडक जाती. ही तीच हरळी. शेतात ती तण म्हणून नांगराला वैताग आणते, देव्हाऱ्यात दूर्वा म्हणून गणपतीच्या डोक्यावर चढते आणि शहरात चौरस फुटाच्या भावाने विकत आणली जाते. जमिनीवरून धावणारे आणि जमिनीखालून सरपटणारे अशी दोन्ही प्रकारची खोडं तिला असतात. एक पेर शिल्लक राहिलं तरी ती पुन्हा उभी राहते. शेतकरी जिला मारता मारता थकतो, ती आमच्या पट्टीत आपणहून मरत होती!

कारण हरळीला सगळं सोसतं, सावली सोडून. ऊस, ज्वारी, मका आणि हरळी एकाच पद्धतीने अन्न तयार करतात. १९६६ साली हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर काम करून ही वेगळी वाट उलगडली. या वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी एकवटतात आणि मग त्याची साखर करतात. कडक उन्हात आणि उकाड्यात ही पद्धत फार किफायतशीर ठरते, पण त्या एकवटण्यासाठी जास्तीची ऊर्जा खर्च होते. ऊन भरपूर असेल तर तो खर्च परवडतो. सावलीत जमेपेक्षा खर्च मोठा होतो. आंब्याखाली कुणी ज्वारी पेरत नाही, ते का, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. हिरवळ घालताना मात्र आपण तेच करतो.

त्यात भर म्हणजे आपण गवत कापतो. पान हीच त्याची कमाई, आणि सावलीत आधीच कमी असलेली ती कमाई आपण दर पंधरवड्याला छाटतो. युरियाने पानं झपाट्याने वाढतात, पण त्यासाठी लागणारी साखर मुळांच्या साठ्यातून उचलली जाते. आमच्या गवताने युरियावर आठ दिवस दिवाळी केली, ती साठवणीतल्या धान्यावर.

मुळात कातरलेल्या हिरवळीची हौस आली ती रिमझिम पाऊस आणि सौम्य उन्हाळा असलेल्या इंग्लंडमधून. १८३० साली एडविन बडिंग याने तिथे गवत कापण्याचं यंत्र काढलं. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. तोवर विळे आणि मेंढ्या परवडणाऱ्यांचीच मिरास असलेली हिरवळ मग मध्यमवर्गाच्या घरासमोर आली आणि साहेबाबरोबर आपल्याकडच्या बंगल्यांत आणि जिमखान्यांत. ताजमहालासमोरची आजची मोकळी हिरवळसुद्धा मोगलांची नाही; लॉर्ड कर्झनच्या काळात बागेची फेरमांडणी झाली तेव्हाची ती आहे.

नकाराची आणखी तीन कारणं

सावली हे सगळ्यात मोठं कारण, पण एकमेव नाही. टक्कल पडलेली जागा दिसली की तिथे गवताऐवजी फुलांचा वाफा आखण्याआधी गवत नेमकं कशाला नाही म्हणतंय ते शोधायला हवं. चूक कारण धरलं तर फुलंही तशीच मरतात.

पहिलं, झाड. मोठ्या झाडाखाली सावली वेगळ्या जातीची असते. वरची पानं प्रकाशातला लाल आणि निळा भाग शोषून घेतात, त्यामुळे खाली पोचतो तो उरलासुरला, चाळून आलेला प्रकाश. गवताला त्यावरून ‘आपल्यावर कुणीतरी आहे’ हे कळतं आणि ते उन्हाच्या शोधात उंच, फिकट आणि लेचंपेचं होतं. शिवाय झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं मातीच्या वरच्या फूट-दीड फुटातच असतात. तुम्ही गवताला घातलेलं पाणी आधी आंबा पितो.

दुसरं, माती. नव्या इमारतीभोवती वरवर लाल माती दिसते, पण वीतभर खाली विटांचे तुकडे, वाळू, सिमेंटचा चुरा आणि रोलरने दाबलेला मुरूम असतो. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळी असतो, ज्यात हवा आणि पाणी राहतं. दाबलेल्या मातीत मुळाला श्वास मिळत नाही. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर हाताने मातीत खुपसून बघा. तो सहा इंच सहज गेला नाही, तर मुळंही जाणार नाहीत.

तिसरं, पाणी. काळ्या मातीत चिकण कणांचं प्रमाण मोठं असतं. भिजली की ती फुगते आणि पाणी धरून ठेवते, सुकली की भेगाळते. एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दिवसभर तसंच राहिलं, तर निचरा नाही. आणखी एक सोपी तपासणी घरातल्या बरणीत होते. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, झाकण लावून खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत आणि चिकण माती बसायला दिवस, कधी त्याहून जास्त घेते. थरांची जाडी पाहिली की आपल्या मातीची कुंडली हातात येते.

शेवाळ दिसलं की लोक ते खरवडायला धावतात. शेवाळाने गवत मारलेलं नसतं. गवत गेलं म्हणून रिकाम्या झालेल्या ओलसर, सावलीच्या, दाबलेल्या जागेवर ते फक्त राहायला आलेलं असतं.

दुबळ्या गवताचा फायदा

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरमध्ये रॉथमस्टेड नावाची जुनी शेती संशोधन संस्था आहे. तिथे १८५६ साली लॉज आणि गिल्बर्ट यांनी एका कुरणाचे तुकडे पाडून वेगवेगळी खतं द्यायला सुरुवात केली. गवताचं उत्पन्न कशाने वाढतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. तो प्रयोग आजही चालू आहे. खत मिळालेल्या तुकड्यांत गवत वाढलं, पण वनस्पतींच्या जाती घटत गेल्या. अमोनियाची खतं खाऊन माती आंबट झालेल्या काही तुकड्यांत तर एक-दोन गवतांखेरीज फारसं काही उरलं नाही. ज्या तुकड्यांना काहीच दिलं नाही, तिथे चाळीसच्या आसपास जाती टिकल्या. त्यांत फुलझाडं होती, शेंगवर्गी वेली होत्या, साधी रानफुलं होती.

आपल्याला हे पाहायला इतकं लांब जायला नको. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर आहे. मोठ्या झाडाला मूळ रोवता येत नाही आणि गवतालाही माजता येत नाही, म्हणून पावसाळ्यात तिथे फुलांचे गालिचे पसरतात. तिथली सीतेची आसवं तर इतक्या निकस जागेत राहतात की नत्र मिळवण्यासाठी बारीक जीव पकडून खातात. गवत जिथे दुबळं, तिथे फुलांना जागा मिळते. आमच्या पट्टीवर गवत हरलं होतं, म्हणजे निम्मं काम आपोआप झालं होतं.

प्रश्न एवढाच होता, सहा महिने ऊन आणि सहा महिने सावली असलेल्या जागेत कोण राहील?

सह्याद्रीचं उत्तर

सह्याद्रीच्या पानगळीच्या जंगलात या. उन्हाळ्यात झाडं निष्पर्ण असतात, जमिनीपर्यंत ऊन पोचतं. वळवाचे शिडकावे होतात, मृग लागतो, आणि जंगलाच्या तळाशी घाई सुरू होते. काळी मुसळी पिवळ्या चांदण्यांसारखी उगवते, रानहळदीचे तुरे वर येतात, शेवळं कोवळ्या कोंभांनी जमीन फोडतात. ही सगळी कंदवाली मंडळी. वर्षभराची कमाई ती काही महिन्यांत करतात, कंदात साठवतात आणि पाऊस सरला की पानं टाकून जमिनीखाली निघून जातात. दिवाळीनंतर तिथे काही आहे, हे कुणाला सांगून पटणार नाही.

हे वेळापत्रक आमच्या पट्टीशी ताडून पाहिलं आणि मी चाटच पडलो. मेपासून ऑगस्टपर्यंत ऊन आणि पावसाळी ढगांचा सगळीकडून येणारा मऊ उजेड, तेव्हा कंद जागे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत गडद सावली, तेव्हा कंद झोपलेले. त्यांना त्या महिन्यांत ऊन नकोच असतं. गवताला बारा महिने हजेरी लावायची होती, म्हणून ते मेलं.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. हे कंद डोंगरातून उपटून आणायचे नाहीत. रोपवाटिकेत किंवा ओळखीच्या बागेत अशाच कंदवाल्या भुईचाफ्याचे जुडगे सहज मिळतात.

वाफा घालताना

वाफ्याची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट हात पोचतो, आत पाय ठेवून माती तुडवावी लागत नाही. जागा एका भिंतीला टेकलेली असेल तर अडीच फूट पुरे. कड आखायला पाण्याची नळी जमिनीवर टाकून हवी तशी वळवावी, गॅलरीतून एकदा पाहावं आणि मगच विटा लावाव्यात.

मोकळ्या जागेत वीतभर खणून राडारोडा वेचून काढावा आणि वर दोन इंच शेणखत किंवा गांडूळखत पसरून मातीत मिसळावं. चार बाय दहा फुटांच्या वाफ्याला दोन इंचांचा थर म्हणजे साधारण १९० लिटर, वीस लिटरच्या नऊ-दहा बादल्या. उन्हाच्या भागात जिवंत हरळी असेल तर तिचा आधी पक्का बंदोबस्त हवा. नुसती वरवर काढली तर ती अबोलीच्या आळ्यात शिरून बसते. पेरं वेचून काढावीत, किंवा एप्रिल-मेमध्ये माती भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी मातीने दाबून चार ते सहा आठवडे ठेवावं. आपला उन्हाळा एरवी शिव्या खातो, इथे तो फुकटची मजुरी करतो.

झाडाखाली मात्र कुदळ घालायची नाही. तिथे मुळांच्या मधल्या जागा खुरप्याने उकरून एकेक कंद बसवायचा. बुंध्याभोवती मातीचा ढीग करू नये, फूटभर जागा मोकळी ठेवावी; बुंधा दबला तर साल कुजते. जिथे खुरपंही जात नाही, तिथे कुंड्या ठेवाव्यात आणि हार मानावी.

लावायचं काय, ते नकाराच्या कारणावर ठरतं. इमारतीच्या उत्तरेला किंवा झाडाखाली भुईचाफा पहिला. उन्हाळा सरताना एकही पान नसताना तो थेट मातीतून फुलतो, पांढऱ्या-जांभळ्या पाकळ्या आणि घमघमाट, जणू कुणी फुलं खोचून ठेवली आहेत. पानं मागून येतात, त्यांची खालची बाजू जांभळट. त्याच्या सोबतीला मे महिन्यात लाल गोळा धरणारी फुटबॉल लिली आणि मागे नेचे. जिथे निदान सकाळचं ऊन येतं, त्या कडेला अबोली. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती टकटक फुटतात आणि बी दूर उडतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षी रोपं विकत आणावी लागत नाहीत. पहिल्या पावसात मोकळ्या फटींमध्ये तेरड्याचं बी टाकावं. त्याचा रंग म्हणीप्रमाणे तीन दिवसांचा असला तरी फुलं रोज नवी येतात, आणि काही घरांत गौर म्हणून लागणारी रोपं हाताशी राहतात.

जिथे पाणी तुंबतं तिथे सोनटक्का आणि स्पायडर लिली, ऊन असेल तर कर्दळ. जिथे ऊन भरपूर पण माती मुरमाड आहे, तिथे सदाफुली, कोरांटी आणि ऑफिस टाइम यांना शोभा आहे. खत घालून त्यांना बिघडवू नये. मोगरा, झेंडू, जास्वंद यांचा मोह सावलीत टाळावा, ती नुसती पानं दाखवत बसतात. आणि ‘झटपट जमीन झाकतं’ म्हणून रोपवाटिकेत हातात दिलं जाणारं पिवळ्या फुलांचं वेडेलिया घेऊ नये. ते खरोखरच झटपट झाकतं, मग शेजाऱ्याची जमीनही झाकतं. जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

कंद मेमध्ये, रोपं मृगात. लावून झालं की मोकळ्या मातीवर दोन इंच पालापाचोळा, फक्त तेरडा पेरलेल्या जागा उघड्या. एरवी झाडून जाळला जाणारा कचरा इथे ओल धरतो, तण दाबतो आणि सावकाश खत होतो. पाण्याचा हिशेबही बदलतो. हिरवळीला कोरड्या दिवसांत आठवड्याला ढोबळमानाने २५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर. आमची पट्टी १११ चौरस मीटरची आहे, तेव्हा आठवड्याला पावणेतीन हजार लिटरहून जास्त. झोपलेल्या कंदांना हिवाळ्यात जवळजवळ काहीच लागत नाही, उलट भिजवलं तर ते कुजतात.

डिसेंबरची परीक्षा

आमच्या पट्टीत आता मधोमध शहाबादी फरशीची पायवाट आहे आणि दोन्ही बाजूंना वाफे. पहिल्या पावसाळ्यात सगळे खूश होते. पहिल्या डिसेंबरात, अपेक्षेप्रमाणे, बैठक झाली. नेचे आणि कडेची अबोली सोडली तर वाफ्यांत नुसता पाचोळा दिसत होता. हे साफ करून पेव्हर ब्लॉक बसवावेत, अशी सूचना आली. दोन जणांनी अनुमोदनही दिलं.

ही अशा वाफ्याची खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वर्षातले काही महिने त्यात दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. त्यावर उपाय एकच, जिथे कंद आहेत तिथे खुणेच्या काठ्या रोवाव्यात आणि पाटी लावावी: ‘खाली कंद आहेत, खणू नये.’ नाहीतर कुणीतरी उत्साहाने त्याच जागी शेवंती लावायला कुदळ घालतं.

बैठकीत मी सूर्याचे अंश आणि सावलीची लांबी समजावून सांगू लागलो. लोक घड्याळं पाहू लागले. शेवटी दाराशी उभ्या माळीमामांना कुणीतरी विचारलं, “मामा, तुमचं काय मत? ह्यांनाही दिवाळी मानवली नाहीच ना?”

“मानवली की,” मामा म्हणाले, “म्हणून तर झोपलेत.”

सूचना मेपर्यंत तहकूब झाली. मेमध्ये ती कुणी पुन्हा मांडली नाही, कारण बैठकीच्या सकाळी मुलं पायवाटेवर उकिडवी बसून भुईचाफ्याची फुलं मोजत होती.